साठ वाटाणे

ठाणे, खोपट
१२ जानेवारी

देवयानी,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. तू माझा नंबर ब्लॉक केल्यापासून माझे आशीर्वाद एकाच टिकमार्कवर अडकून पडतात, म्हणून ते आता पोस्टाने पाठवते आहे. नको असतील तर परत पाठव. पाकीट परत आलं तर निदान पोस्टमन तुमचा जिना अजून चढतो, एवढं तरी मला कळेल.

डिसेंबरातल्या त्या सभेला तीन आठवडे झाले. तू रागावलीस, कबूल. पण राग नेमका कशाचा हे तुला आठवतं का, अशी मला शंका आहे. म्हणून झालं ते क्रमाने लिहिते. जन्मभर वर्गात संख्याशास्त्र शिकवलं आहे, क्रम सुटला की मला चैन पडत नाही.

तुमच्या मधुगंध सोसायटीत साठ घरं. इमारत चाळीस वर्षांची. इंजिनिअरने तपासून लिहून दिलं की आतल्या सळया गंजल्या आहेत, माणसं हलवा आणि नवी इमारत बांधा. बिल्डर तयार आहे, तो होळीपर्यंत थांबतो म्हणाला. तू सेक्रेटरी. चेअरमन तुझे सासरे, बाबुराव, आणि त्यांना घर सोडायचं नाही. साठातली चाळीसेक घरं त्यांच्याच कुडाळकडची, त्यामुळे सभेत सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. ‘बघूया, करूया’ यापलीकडे शब्द नाही. आणि त्याच घरांतल्या बायका जिन्यात तुझा हात धरून म्हणणार, ‘वहिनी, कायपण करा, पण आम्हाला इथून काढा.’ हे सगळं मला तूच सांगितलंस. असं काहीतरी काढ की लोक खरं बोलतील, पण कोण काय बोललं ते कोणालाच कळणार नाही, असंही तूच म्हणालीस.

काढलं मी. माझ्या मनचं नाही, आमच्या शास्त्रातली जुनी रीत आहे. प्रत्येक घराने आपापल्या घरी नाणं उडवायचं. छापा पडला तर मनात काहीही असो, चिठ्ठीवर ‘हो’ लिहायचं. काटा पडला तर मात्र मनातलं खरं लिहायचं, घर रिकामं करायचं आहे की नाही. म्हणजे उद्या कोणाची ‘हो’ची चिठ्ठी बाबुरावांच्या हाती लागली तरी तो खुशाल म्हणू शकतो, मी कुठे म्हटलं, नाण्याने म्हटलं! एकेक माणूस झाकलेला राहतो आणि सगळ्यांचं मिळून खरं बाहेर येतं.

छत्तीस ‘हो’ आले. त्यातले तीस नाण्याचे धरायचे, कारण निम्म्या वेळा छापा पडणारच. उरले सहा. खरं उत्तर निम्म्याच घरांनी दिलेलं, म्हणून त्याची दुप्पट करायची. बारा. साठातल्या फक्त बारा घरांना जायचं आहे, असं मी सभेत उभी राहून सांगितलं. तू उठलीस आणि म्हणालीस, ‘आई, काहीतरी चुकतंय. बायका मला रोज सांगतात.’ मी म्हटलं, ‘जिन्यात भेटलेल्या चार बायका म्हणजे नमुना नव्हे. सेक्रेटरीबाईंना जे हवं असतं तेच त्यांना ऐकू येतं.’ लोक हसले. बाबुरावही हसले. तू रजिस्टर टेबलावर ठेवलंस, राजीनामा तोंडीच दिलास आणि निघून गेलीस.

मी म्हटलं ते बरोबर होतं. जागा चुकली असेल, सूर चुकला असेल, आकडा चुकलेला नाही. आकड्यापुढे मी तुझ्या वडिलांचंसुद्धा ऐकलं नसतं, ते हयात असते तरी.

डोंबिवलीला माझं काही काम नाही, तेव्हा मी येणार नाही. सान्वीसाठी डिंकाचे लाडू केले आहेत. ती आली तर नेईल, नाही तर मीच खाईन. डॉक्टरांनी गोड बंद केलंय ते मला ठाऊक आहे, आठवण करून द्यायची गरज नाही.

आई


२६ जानेवारी

देवयानी,

तुझ्या लेकीने तुझ्यापासून लपवून मला मेसेज केला. मी तिचं नाव सांगणार नव्हते, पण तुला एकच लेक आहे. ‘आजी, मम्मीला बोलू नको प्लीज. स्टॅट्सची असाइनमेंट आहे, संख्याशास्त्राचा अर्थ आणि व्याप्ती. नेटवरून उचललं की मॅम पकडते. तू सांग ना काहीतरी वेगळं.’ माझी नात माझ्याच विषयात आली आणि मला पत्ता नाही! तू सांगितलं असतंस तर आकाश कोसळलं नसतं.

तिला फोनवर अर्धा तास सांगितलं, ते तुलाही लिहिते, म्हणजे मी तिच्या कानात काय विष ओतलं अशी शंका नको.

अर्थ सोपा आहे. माहिती गोळा करायची, मांडायची, तपासायची आणि तिच्यावरून निष्कर्ष काढायचा. एवढ्यात सगळं आलं. मुलं शेवटची तीन कामं घोकतात आणि पहिलं विसरतात, कारण परीक्षेत आकडे आयते छापून येतात. ते आकडे कोणी, कोणाला, कुठे उभं राहून विचारून आणले याची चौकशी कोणी करत नाही.

व्याप्तीचं म्हणशील तर विचारू नकोस. दिवा गावाला उन्हाळ्यात किती टँकर लागतील, कळव्यातल्या शाळांतून मुली कुठल्या इयत्तेत गळतात, नवं औषध खरंच लागू पडतं की रोगी आपोआपच बरे झाले, सगळीकडे हेच शास्त्र. तुझे सासरे आमच्या या खोपट एसटी डेपोत कंट्रोलर होते ना? गणपतीत कोकणात जादा गाड्या किती सोडायच्या याचा अंदाज ते मागच्या वर्षांच्या गर्दीवरून बांधायचे, तेही हेच. सान्वीला हे फार आवडलं. ‘म्हणजे आजोबा पण स्टॅट्सवाले!’ म्हणाली. आजोबांना सांगू नकोस, चढून बसतील.

मग मी मर्यादा सांगितली. मर्यादा लिहिली नाही तर मार्क कापतात. हे शास्त्र घोळक्याविषयी बोलतं, एकट्याविषयी बोलत नाही. साठातली किती घरं ते सांगेल, कोणती ते सांगणार नाही. त्यावर कार्टी मला विचारते, ‘मग मम्मी एकटी होती म्हणून तिचं मोजायचंच नाही का?’ मी म्हटलं, दहा मार्कांना एवढं पुरे, आणि फोन ठेवला.

ठेवायला नको होता. संध्याकाळी तिने फोटो पाठवला. तिच्या खोलीतल्या छताचा तुकडा टेबलावर पडलेला, चांगला ताटाएवढा. वह्या पांढऱ्या झालेल्या, टेबललॅम्प आडवा. वर छताला सळया दिसताहेत, लाल, सुजलेल्या. खाली लिहिलंय, ‘चिल आजी, मी कॉलेजला गेलेली.’ चिल म्हणे!

देवयानी, मी घाबरले आहे. हे सरळ लिहिते, कारण आडून लिहिलं तर तू आडूनच वाचशील. तिघं माझ्याकडे या राहायला. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. वेगळी चूल मांड, स्वयंपाकघर मोठं आहे.

सान्वी म्हणाली, तुझं उत्तर ठरलेलं आहे: ‘तळमजल्यावर सासरे, आजूबाजूला साठ घरं, त्यांना टाकून मी आईकडे जाऊन बसू?’ हा हेकटपणा कोणाकडून आला ते मी विचारत नाही.

आई


१० फेब्रुवारी

देवयानी,

काल मी डोंबिवलीत होते. तुझ्या दारावरून गेले नाही, तळमजल्यावर बाबुरावांकडे गेले. आणि खोटं बोलून आता काही साधायचं नाही, कालचीच खेप नव्हे. गेल्या महिन्यात मी तीन-चारदा येऊन समोरच्या औषधाच्या दुकानाशी उभी राहून गेले आहे. तुझ्या गॅलरीत कपडे वाळत असले की परत फिरायची. त्या दुकानदाराला मी कुठलासा सर्व्हे करते असं वाटतं. त्याने मला खुर्ची दिली होती.

बाबुरावांच्या पाया पडायचं ठरवून गेले होते. सान्वीचा फोटो दाखवणार होते आणि म्हणणार होते, बाकीच्यांचं राहू दे, तुमची नात वाचवा. पण ते आधीच पडेल चेहऱ्याने बसलेले. चहा झाला, तरी फोटोकडे धड बघेनात. मग म्हणाले, “बाई, तुमका एक विचारू? त्या नाण्याचा… परत उडवूक चलात काय?”

मी म्हटलं, परत कशाला?

“माझो छापा पडलो. देवान माका ‘जा’ म्हटल्यान. तेव्हापासून झोप नाय. माका तर जावचा नाय आणि देव म्हणता जा.”

मला आधी उमगलंच नाही. देवाचा यात संबंध काय? तेव्हा ते जरा रागावलेच. “तुमी नाणा उडवूक सांगितलात. नाणा काय आपल्या मनान पडता?” आणि मग सगळं बाहेर आलं. तुला आठवतं, चिठ्ठ्या भरायच्या त्या रविवारी तू माझ्याकडे इथे ठाण्याला तक्ते आखत बसली होतीस आणि तुझा सुशांत नाशिकला, कामाच्या साइटवर. त्या सकाळी बाबुरावांनी गाववाल्यांची चाळीसेक घरं आपल्या खोलीत बोलावली. माणसं दारातून जिन्यापर्यंत उभी. देवासमोर नारळ ठेवला, विडा ठेवला आणि गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं, की बा देवा महाराजा, ही तुझी लेकरं संकटात पडली आहेत, राहू की जाऊ त्याचा कौल दे. सगळ्यांनी ‘होय महाराजा’ म्हटलं आणि एकेकाने देवासमोर नाणं उडवलं. छापा म्हणजे देव जा म्हणतो. काटा म्हणजे देव राहा म्हणतो. देवाने राहा सांगितल्यावर चिठ्ठीवर ‘हो’ लिहायची कोणाची छाती? गंगुबाईंची सून ऐश्वर्या, जी बाळाला कडेवर घेऊन तुझ्यामागे लागलेली असायची की वहिनी काढा इथून, तिचासुद्धा काटा पडला आणि तिने रडत रडत ‘नाही’ लिहिलं.

मी हसले, देवयानी. आधी हसले आणि मग मनातल्या मनात हिशेब पुन्हा मांडला. चाळीस घरांनी मनातलं लिहिलंच नव्हतं! त्यांनी नाणं काय म्हणालं ते लिहिलं. आणि नाणं निम्म्या वेळा हो म्हणतं, निम्म्या वेळा नाही. नाण्याचे हो मी शिस्तीत वजा केले आणि उरलेल्याला, म्हणजे काट्याच्या ‘नाही’ला, लोकांचं मत म्हणून सभेत वाजवून सांगितलं. बेरीज-वजाबाकी बिनचूक आणि आकडा साफ खोटा. माणसांना नाणं देण्याआधी पाच-दहा घरांत जाऊन विचारून बघायचं असतं, की बाबा, मी सांगितलं ते तुला काय कळलं? हे मी दरवर्षी दुसऱ्याच तासाला शिकवायची. लेकीच्या बिल्डिंगमध्ये कशाला हवं म्हणून गाळलं.

त्या जिन्यातल्या बायका खरं बोलत होत्या आणि तुला खरं ऐकू येत होतं. मी तुला साठ घरांसमोर खोटं पाडलं. माफ कर म्हणायला तू समोर नाहीस, म्हणून इथे लिहिते. माफ कर.

बाबुरावांना मी सगळं उलगडून सांगितलं. त्यांना वाटलं मी देवाला चूक म्हणते आहे, तो गोंधळ निस्तरायला आणखी एक चहा लागला. मी विचारलं, तुम्हाला जायचं का नाही? आधी पाण्याची सबब सांगितली, मग पार्किंगची, आणि मग खाली बघून म्हणाले, “भाड्याच्या घरातसून माझी तिरडी काढूची काय? ही गेली ती ह्याच खोलीतसून गेली.” तुझ्या सासूबाईंचा फोटो मागेच होता. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

पण माणूस सरळ आहे. परत मत घ्यायला तयार झाले. नाणं नको, चिठ्ठी नको, आपल्याला समजेल असं काहीतरी काढा म्हणाले. मी स्वयंपाकघरात गेले, डबे उघडले. काळे वाटाणे आणि पांढरे वाटाणे. हाताला सारखेच लागतात आणि तुमच्याकडे एकही घर असं नाही जिथे काळ्या वाटाण्यांची उसळ होत नाही. तेव्हा ठरलं असं. येत्या तेवीसला, रविवारी, त्यांच्या खोलीत. दर घरामागे एक माणूस, सभासद असेल तोच. बाबुराव दारात प्रत्येकाला एक काळा, एक पांढरा देणार. आत मडकं. जायचं असेल त्याने पांढरा टाकायचा, राहायचं असेल त्याने काळा. उरलेला मुठीत घेऊन जायचा आणि वाटेत गटारात टाकायचा. मडक्यापाशी कोणीतरी राखण हवी, दोनदा कोणी टाकू नये म्हणून. ती मी करणार, भिंतीकडे तोंड करून.

आणि गाऱ्हाणं पुन्हा घालायचं. त्यावर मी अडून बसले. फक्त यावेळी देवाकडे उत्तर मागू नका, खरं बोलायची बुद्धी मागा, असं म्हटलं. बाबुरावांनी बराच विचार केला आणि म्हणाले, “ह्यां जमतला.”

सान्वीकडून तुझा निरोप आला, की मम्मी बोलली, ती त्या मडक्याजवळ पाऊल ठेवणार नाही. ठीक आहे. तुझ्या जागी मीही ठेवलं नसतं. पण जमलं तर ये. पांढरा टाक, काळा टाक, पण ये.

आई


२४ फेब्रुवारी

देवयानी,

तू तिसऱ्या मजल्यावर दार लावून बसली होतीस असं धरून कालचं लिहिते.

खोली भरली, जिना भरला. गाऱ्हाण्याआधी मी दोन मिनिटं मागितली. सभेत ज्या टेबलाशी उभी होते त्याच टेबलाशी उभी राहिले आणि म्हटलं, डिसेंबरात मी सांगितलेला बाराचा आकडा खोटा होता. देवयानी म्हणत होती ते खरं होतं आणि मी तिला सगळ्यांसमोर गप्प केलं. चूक माझी, तिची नाही. मागून कोणीतरी म्हणालं, ‘बाई, आता ऱ्हवांदे, झाला तां झाला.’ मी म्हटलं, राहू दे कसं? तेव्हा हसलात ते आठवतंय ना? पुढे ऐश्वर्या उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

बाबुरावांनी गाऱ्हाणं घातलं. आवाज काय लागतो त्यांचा! देवाला म्हणाले, “ह्या लेकरांच्या मनात जां आसा तांच त्यांच्या हातात येवांदे, आणि कोणी कोणाक भिवा नये. माकासुदा भिवा नये.” हे शेवटचं माझ्याशी ठरलेलं नव्हतं. ‘होय महाराजा’ असा आवाज उठला की भांडी वाजली. मीही म्हटलं होय महाराजा, तुझे वडील असते तर त्यांनी माझा ताप बघितला असता.

मग मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. बाबुराव दारात वाटाणे वाटत होते, मला ते दिसत नव्हते. एकेक माणूस येणार, मडक्यात टक् असा आवाज, पावलं परत. मी फक्त एवढंच ऐकायचं की आवाज एकदाच होतो. पण खरं सांगू? मी राखण कसली करते! मी पावलं ऐकत होते. चपला घासत येणारे, पैंजण, काठी टेकत गंगुबाई, त्या तर मडक्यालाच नमस्कार करून गेल्या असाव्यात, बांगड्या वाजल्या. तुझं पाऊल कसं वाजतं ते मला आठवेना. लहानपणी तू सगळं घर हादरवत चालायचीस. आता कशी चालतेस, मी ऐकलेलंच नाही. ते बसल्या बसल्या मला फार लागलं.

शेवटी बाबुराव स्वतः आले, त्यांचा खोकला ओळखू आला. बराच वेळ आवाजच नाही. मग टक्. आणि ते जाताना त्यांनी नाक शिंकरलं.

मडकं सगळ्यांसमोर परातीत ओतलं. मोजणी सान्वीने केली, मी दोनदा तपासली. सत्तेचाळीस पांढरे, तेरा काळे. बायका रडायलाच लागल्या. कोणीतरी बाबुरावांच्या पाया पडलं. ते म्हणाले, माझ्या कसल्या पाया पडतास, बाईच्या पडा, आणि बाईने हात झटकले. बिल्डरला होकार कळवायचं कालच ठरलं. मधुगंध रिकामी होणार. नवा सेक्रेटरी कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळी खोली वर बघायला लागली, तुमच्या मजल्याकडे.

हे झालं सगळ्यांचं. आता माझं.

परातीत साठ वाटाणे होते. सत्तेचाळीस आणि तेरा, साठ. घरं साठ. एकही घर राहिलेलं नाही. म्हणजे तुझ्या घरातून कोणीतरी आलं होतं.

बाबुरावांना विचारलं असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं, वाटाणे त्यांनीच हातात दिले. जिभेवर आलं होतं. धीर झाला नाही. ते ‘सान्वी इल्ली’ म्हणाले असते तर मी तिथेच खाली बसले असते. पोरगी हट्ट करून तुझ्या नावाने टाकूही शकते, आजोबा तिचं काय ऐकत नाहीत? सुशांत साइटवरून आलेला असू शकतो. कोणी दोन टाकले असतील आणि मला पावलांच्या नादात ऐकू आलं नसेल. हे सगळं मला समजतं. एका वाटाण्यावरून एका माणसाचा निष्कर्ष काढू नये, हे मी हजारो मुलांच्या पेपरात लाल शाईने लिहिलं आहे.

मी काढला.

आई


डोंबिवली
२८ फेब्रुवारी

आई,

सान्वीने हट्ट केला होता. बाबांनी तिला दारातूनच हाकललं, सभासद नाय तर मतदान नाय म्हणाले. सुशांत नाशिकलाच आहे. मी आले होते, बाबांच्या जरा आधी. चपला बाहेर काढून आले, म्हणून तुला ऐकू आलं नाही.

तू भिंतीकडे तोंड करून ताठ बसली होतीस. कुडता उलटा घातला होतास, आई. शिवण बाहेर आणि मानेमागे दुकानाचं लेबल. तशीच तू टेबलाशी उभी राहून सगळ्यांना ते बोललीस, मी जिन्यातून ऐकलं. सगळ्या बिल्डिंगने बघितलं असणार आणि एकानेही तुला सांगितलं नाही. मला हसायला आलं, मग रडायला आलं, मग वाटाणा हातातून पडला तो शोधावा लागला. म्हणून बोलले नाही. कोणता टाकला ते विचारू नकोस, तुमच्या शास्त्रात बसत नाही म्हणतेस ना.

जिन्यात बोललेलं कोणी मोजत नाही, याचा राग मला अजून आहे. थोडा राहील, तो मुरवावा लागेल. पण तू तिथे उभी राहून बोललीस. माझ्यासाठी तू कधी कोणाची माफी मागितलेली मला आठवत नाही.

भाड्याचं घर बघतोय. बाबा डोंबिवलीत नको म्हणतात. म्हणतात, खोपटाला डेपोजवळ बघा, गावाला जायला एसटी दारात, आणि काय झालं-बिलं तर निदान ओळखीच्या ठिकाणातून निघेन. वर म्हणाले, बाईपण तिथेच आसत, जवळच. मी काहीच सुचवलेलं नव्हतं.

शनिवारी घरं बघायला येतोय, बाबा, मी आणि सान्वी. जेवायला तुझ्याकडे. काळ्या वाटाण्यांची उसळ सोडून काहीही कर. नंबर अनब्लॉक केलाय. पोहोचताना फोन करते, आधी आरशात बघ आणि मग दार उघड.

देवयानी